रोटरच्या कार्डावरची ओळ

भूत, भानामती, अंगात येणं... मी कधीच मानलं नाही. आजही मानत नाही. पण हे माझ्या हातात घडलं, म्हणून लिहितोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी स्टोअरकीपर होतो. प्रत्येक पार्टचं एक कार्ड — नंबर, रॅक, शिल्लक नग. त्या दिवशी शहर कडकडीत बंद होतं. शटर अर्धं ओढून मी आणि जुने सेल्समन मल्लिनाथअण्णा माल मोजत होतो.

भर दुपारी माझा मेव्हणा सायकल टाकून आत घुसला.

"दाजी, अक्काला वळसंगहून दवाखान्यात आणत हुतो. जीप रस्त्यात बंद पडलीय. इंजिनातला रोटर फुटलाय. लई रक्त जातंय वो तिचं!"

बायकोला आठवा महिना होता.

अण्णांनी कार्ड काढून मोठ्यानं वाचलं — "रोटर. शिल्लक शून्य." मीही पाहिलं. शून्यच. तरी आम्ही सगळे खण उपसले. बाकीची दुकानं बंद, रस्त्यावर वाहन नाही, फोन केला तर दवाखान्याची गाडी दुसरीकडं गेलेली. दुकानामागं मालकांची मोटारसायकल होती, पण अशा अवस्थेत तिला त्यावर बसवणार कसं?

"कायतरी करा की, दाजी..."

कार्ड अजून माझ्या हातातच होतं. पुन्हा नजर गेली... शून्याखाली एक ओळ. 'रॅक सात, वरचा खण, एक नग.' अक्षर माझं. शाई ओली. आणि पेन तर अण्णांच्या खिशात!

अण्णा शिडीवर चढले. "हाय रे! आत्ताच हितं हात घातला हुता मी... रिकामं हुतं की!"

मालकांच्या मोटारसायकलवरून मी कसा पोचलो, आठवत नाही. रोटर बसला, जीप निघाली. बायको वाचली. मुलगीही — वीतभर, पण वाचली.

इथंच संपलं असतं, तर देवाची कृपा म्हणून गप्प बसलो असतो.

संध्याकाळी मेव्हण्याला घेऊन मोटारसायकल परत द्यायला गेलो, तर अण्णांपुढं एक पटकेवाला म्हातारा हात जोडून उभा. शहराबाहेर जीप अडकलेली, आत साप चावलेला मुलगा. फॅनबेल्ट हवा होता. कार्डावर शून्य. मी ते कार्ड दोन्ही हातांत धरलं, डोळे मिटले, उघडले... शून्यच. शेवटी मेव्हणा म्हाताऱ्याला मोटारसायकलवर घेऊन मुलाला आणायला धावला. उशीर झाला होता.

ती ओळ कुणी लिहिली, ठाऊक नाही. पण त्या म्हाताऱ्याच्या कार्डावर का नाही लिहिली? मुलगी समोर हसत असली, तरी हे विचारायचं माझं थांबत नाही. उत्तर अजून मिळालेलं नाही.