कॅसेटमधले दोन आवाज

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून भांडी आवरायला लागते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' असं म्हणवत नाही. म्हणून जे घडलं ते फक्त क्रमाने लिहिते. अर्थ तुम्ही लावा.

जानेवारी १९९१. रियाध, ओलाया भाग, दुसरा मजला. घरात आम्ही तिघं: मी, माझे मिस्टर प्रमोद आणि साडेचार वर्षांची रेवा. आखाती युद्ध होणार हे दिसत होतं, त्यामुळे माझी तयारी आधीच झाली होती. विषारी वायूच्या भीतीने आतल्या बेडरूमच्या खिडक्यांना प्लॅस्टिक लावलं, मास्क आणले, दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवली — पाणी, ट्रान्झिस्टर, टॉर्च, ओला टॉवेल, शेवटी दाराच्या फटींना टेप.

प्रमोद चिडवायचे, "यात 'घाबरणे' कितव्या नंबरवर आहे?"

पहिला सायरन झाला त्या संध्याकाळी ते ड्यूटीवर होते. तेव्हा माझ्याकडून एक गोष्ट घडली, ती मी त्यांना सांगितली नाही. पण त्या दिवसापासून रेवाचं बोलणं बंद झालं. रडणं नाही, हट्ट नाही, शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, धसका घेतलाय, बोलेल हळूहळू. मी वहीत रोज लिहायची: जेवण ठीक. झोप ठीक. शब्द — नाही.

प्रमोदच्या ऑफिसातल्या यान नावाच्या डच माणसाने बायकोमुलांना हॉलंडला पाठवलं होतं. रेवाचं कळल्यावर त्याने आपल्या मुलांची एक व्हिडिओ कॅसेट आणून दिली. डच बाहुल्यांची जुनी मालिका — जंगलात राहणारे, कोट-टोप्या घालणारे, बोलणारे प्राणी. खर्जात बोलणारं एक अस्वल आणि चिरक्या आवाजाची एक कावळी. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. पण कावळी काही बोलली की रेवा मान डोलवायची... जणू तिलाच काहीतरी विचारलंय. मला ते बरं वाटेना.

रेवा गप्प झाल्याच्या बाराव्या दिवशी दुपारी मी नाशिकला सासूबाईंसाठी कॅसेटवर पत्र टेप करायला बसले. फोन लागत नव्हते. तेव्हा आम्ही सगळे तसंच करायचो — कोणी इंडियाला जाणारं भेटलं की कॅसेट त्याच्या हाती द्यायची. टीव्ही मी स्वतः बंद केला, प्लगही काढला. रेवा टेबलाखाली बसली होती. मुद्दे लिहून घेतले होते: तब्येती, पाणी, रेशन, काळजी नसावी. "रेवाही मजेत आहे," असं म्हणून बटण दाबून थांबवलं आणि नीट आलंय का हे बघायला रिवाइंड केलं.

माझ्या प्रत्येक वाक्यानंतर दोन आवाज होते. एक खर्जातला, एक चिरका.

टेप करताना मला खोलीत काहीच ऐकू आलं नव्हतं.

संध्याकाळी प्रमोद यानला घेऊन आले. "अगं, वापरलेल्या कॅसेटवर टेप केलं असशील."

"कोरी होती. रॅपर अजून कचऱ्याच्या डब्यात आहे, दाखवू?"

यानने ऐकलं. चहाचा कप खाली ठेवला. "हे त्या मालिकेत नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "मुलांमुळे मला एकेक भाग पाठ झालाय."

"पण म्हणतायत काय?"

"कावळी विचारते, मुलगी आता परत द्यायची का? अस्वल म्हणतं, थांब. आई अजून खरं बोललेली नाही. पुन्हा पुन्हा तेच." त्याने कप बाजूला सरकवला. "शेवटी कावळी म्हणते... मग राहू दे आपल्याकडेच."

प्रमोदनी माझ्याकडे पाहिलं. "खरं म्हणजे काय गं?"

मी टेपरेकॉर्डर पुढे ओढला आणि सासूबाईंसाठी पुन्हा बटण दाबलं. या वेळी समोर कागद नव्हता.

"आई, पहिला सायरन झाला तेव्हा मी यादीतलं एकेक काम करत गेले, खूण करत गेले. दार लावलं. सगळ्या फटींना टेप लावली. मग मास्क घेतले, तर हातात दोन... मोठा आणि छोटा. रेवा बाहेर हॉलमध्ये सोफ्यावर झोपली होती. यादीत तिचं नावच नव्हतं, आई. टेप ओरबाडून दार उघडलं तर ती दाराशी उभी. चार-पाच मिनिटं तरी झाली असतील."

प्रमोदनी हात पुढे करून टेपरेकॉर्डर बंद केला.

टेबलाखालून रेवाची हाक आली. "आई..."

मी तिला ओढून मांडीवर घेतलं. माझं रडणं थांबेना. "चुकले गं राणी, तुला एकटीला बाहेर ठेवलं..."

एखादं मोठं माणूस समजूत घालतं तसा तिने माझ्या गालावर हात ठेवला. "एकटी नव्हते गं मी. अस्वलकाका होते ना."

सायरन झाला त्या संध्याकाळी ती व्हिडिओ कॅसेट यानच्याच घरी होती. तोवर रेवाने ते अस्वल पाहिलंही नव्हतं.

आता ती शाळेत जाते, अखंड बडबडते. तिला यातलं काही आठवत नाही. सासूबाईंना मी साधं पत्र पाठवलं. प्रमोद म्हणतात, मुलं मागचं-पुढचं एकत्र करतात. तसंही असेल. पण ते दोन आवाज कुठून आले, हे त्यांनाही सांगता येत नाही आणि मलाही नाही. आणि खरं सांगायचं तर... त्या संध्याकाळी मी गप्प राहिले असते तर काय झालं असतं, हे मला कळायलाही नको आहे.