घासलेल्या हंड्या

फरिदाला राग यायला निमित्त लागत नाही, असं तिचा नवरा हुसैनमियाँ सांगतो. साफ खोटं आहे. निमित्त दर वेळी असतं, फक्त ते हुसैनमियाँला दिसत नाही.

दाभोळच्या खाडीकाठची ही बाई नवऱ्यामागून ओमानला आली आणि मदिनत सुलतान काबूस या श्रीमंत वस्तीतल्या एका बड्या घरात बावीस वर्षं स्वयंपाकाला राहिली. त्या घरातली चार पोरं तिच्या हातचं खाऊन बापाच्या खांद्याला लागली. काम सोडताना अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, बायकोनं कौतुकानं फोटोंचा अल्बम दाखवला. बावीस वर्षांच्या ईदा. प्रत्येक फोटोत बिर्याणी होती, फरिदा एकातही नव्हती. 'बिर्याणी काय आभाळातून पडली?' असं ती मनात म्हणाली. तोंडानं म्हणाली नाही, याचा राग तिला अजून आहे.

आता ती ओमानमधल्याच खाबुरा गावात राहते. तिथे हुसैनमियाँचं किराणा दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी जवळच्या खजुराच्या बागेत पाइपलाइनसाठी चर खणला, तेव्हा मातीच्या विटांची जाड भिंत लागली आणि भिंतीबाहेर चारी अंगांनी रुंद खंदक. इथे पाण्यानं वेढलेली गढी होती, असं गावातले म्हातारे सांगायचे, पण ऐकत कोण होतं? मग पुरातत्त्ववाल्या डॉक्टरबाई आल्या, तंबू ठोकला, आणि खंदक बोट बोट उकरायला लागल्या. गढी साडेतीनशे वर्षांपूर्वीची असावी, असं त्यांचं मत पडलं. खंदकात डोंगराकडच्या कालव्याचं पाणी सोडत. पुढे कालवा आटला, कोरडा खंदक घरच्या केरकचऱ्यानं भरला आणि गढी वाळूखाली गेली.

सापडलेली भांडी धुवायला बाई हवी होती. फरिदाला घेतलं. तिला एकच सांगितलं, स्वच्छ धुवायचं.

स्वच्छ म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. गढीच्या मागच्या अंगाला खंदकात मातीच्या हंड्या निघाल्या, काही अख्ख्या, काहींची नुसती बुडं. बुडांना काळा, जाड थर. कसला थर, हा प्रश्न फरिदाला पडलाच नाही. हंडी चुलीवर ठेवण्याआधी बुडाला राख-मातीचा लेप देतात. काजळी त्या लेपावर बसते आणि घासताना लेपासकट निघते. तिची आई द्यायची, आजी द्यायची, जगात सगळ्यांना ठाऊक असणार. दिलेला मऊ ब्रश तिनं बाजूला ठेवला, घरून काथ्या आणला आणि तीन आठवड्यांत एकेचाळीस बुडं लख्ख केली. सगळ्यांनी वाहवा केली.

मग एका सकाळी रुपेश आला. हा नागपूरचा, खोदकामाच्या नोंदी ठेवणारा. प्रदर्शनात लागणारी पाटी तो कौतुकानं मराठीत वाचून दाखवायला लागला.

"ऐका खाला, तुमच्याच हंड्या आहेत. 'भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आलेला व्यापारी माल. बुडांवर काजळी नाही, म्हणजे ही भांडी चुलीवर कधी चढलीच नाहीत.'"

फरिदाचा हात पाण्यात थांबला.

"चढली नाय? कोण बोलला?"

"बुडं स्वच्छ आहेत ना."

"अरे, ती मी केली स्वच्छ!"

आणि बोलता बोलताच तिला कळलं. आपल्या किनाऱ्यावरची कुणी बाई या गढीत रांधत होती, याची तो काळा लेप एवढीच खूण उरली होती. खंदकानं ती शेकडो वर्षं सांभाळली आणि फरिदानं ती काथ्यानं घासून मोरीत सोडली. तिला स्वतःचा असा संताप आला की तो काथ्या तिनं कुंपणापलीकडे भिरकावला.

शेवटची एक हंडी धुवायची राहिली होती.

"ती पण उरका," रुपेश म्हणाला. "दुपारी फोटो आहेत. पाटी छपाईला चाललीय, खलास."

"नाय धुवायची."

हंडी पदराखाली घेऊन ती भर उन्हात तरातरा तंबूत गेली. मागोमाग रुपेश धावला. डॉक्टरबाईंच्या टेबलावर तिनं हंडी पालथी ठेवली आणि नखानं लेपाचा एक टवका उडवला. काजळी होती ती सगळी लेपावर; खाली मातीचा तांबडा रंग, काजळीचा ठिपका नाही.

डॉक्टरबाई भिंग घेऊन वाकल्या. हा लेप कुंभारानंच दिला नसेल कशावरून, असं त्यांनी विचारलं. रुपेशनं प्रश्न मराठीत केला.

"कुंभाराला काय पडलंय? घरची मालकीण पण देत नाय. जिला भांडं स्वतः घासायचं असतं, तीच लेप देते. विचार त्यांना, जन्मात कधी हंडी घासलीय काय?"

रुपेशनं शेवटचं वाक्य गाळलं.

"ते पण सांग," फरिदा म्हणाली.

त्यानं सांगितलं. डॉक्टरबाई लाल झाल्या. मग हळूच विचारलं, असे लेप किती होते?

"एकेचाळीस. मी घासले. धुवायला सांगितलंत, पण हे काय हाय म्हणून विचारलं कोणी?"

डॉक्टरबाईंनी माफी मागितली. ती मनापासून होती, हे फरिदाही कबूल करते. पण शास्त्राला पुरावा लागतो आणि पुरावा मोरीतून वाहून गेला होता. पाटी बदलली, ती एवढीच: 'एका हंडीच्या बुडावर लेप व काजळी आढळली. ती स्वयंपाकासाठी वापरली असावी.' बाकीच्या एकेचाळीस हंड्या व्यापारी मालच राहिल्या.

"एक तरी मानली ना, खाला," रुपेश समजूत घालायला आला.

"एका हंडीत गढी जेवत होती काय रे?"

खोदकाम अजून चालू आहे. फरिदा आता कुठलंही भांडं डॉक्टरबाईंना बूड दाखवल्याशिवाय पाण्यात घालत नाही. दर वेळी निरोप जातो, आणि हातातलं काम टाकून त्यांना तंबूतून धुण्याच्या टाकीपर्यंत उन्हात यावं लागतं. परवा त्या दमून म्हणाल्या, सगळी भांडी संध्याकाळी एकदम बघितली तर?

"नाय," फरिदा म्हणाली. "एकेक."