पापडीच्या मास्तरांकडचा डेमो

"मास्तरांनी दुसराही परत पाठवलाय," शेठनी खोका काउंटरवर ठेवत सांगितलं. "म्हणे आवाज दबका आहे. आता तू घरीच जा, प्रकाश. दोन प्लेयर ने, शेजारी शेजारी लाव आणि हा विषय संपव. तिसरा मी परत घेणार नाही."

मी बरं म्हटलं. वसईतल्या त्या दुकानात सर्व्हिस आणि डेमो दोन्ही माझ्याकडे होतं. डीव्हीडी प्लेयर तेव्हा नुकतेच घरोघरी पोचत होते. "या दोन्हींत चांगला कुठला?" हा प्रश्न ऐकून ऐकून मी इतका विटलो होतो, की झोपेत कुणी विचारलं असतं तरी केबल शोधायला उठलो असतो.

सिल्वेस्टर मास्तर जवळच्याच पापडी गावचे. शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेले आणि चर्चचं गायनमंडळ वर्षानुवर्षं सांभाळणारे. कुवेतच्या मुलानं त्यांना काही सुपर ऑडिओ सीडी पाठवल्या होत्या. ही दिसायला साध्या सीडीसारखीच असते, पण तिच्यात आवाजाचे बारकावे कितीतरी जास्त मावतात. साध्या प्लेयरवरही ती वाजते, पण ते बारकावे बाहेर काढायला वेगळा, महाग प्लेयर लागतो. तो एक आणि साधा एक, असे दोन खोके स्कूटरला बांधून मी निघालो.

मास्तर दारातच उभे होते.

"ये. आज तुझ्या कंपन्यांची लबाडी उघडी पाडू," ते म्हणाले. "वरचे सूर खाऊन टाकतात. हल्ली सगळ्यांचं तेच चाललंय. मंडळातल्या पोरीसुद्धा शब्द गिळतात. दोघींना सांगून टाकलं, नीट गाता येत नसेल तर येऊ नका. नाताळ तोंडावर आलाय आणि सोप्रानोची ओळ अर्धी रिकामी."

सोप्रानो म्हणजे सगळ्यात उंच स्वरात गाणाऱ्या बायका. स्वयंपाकघरात मर्सीबाई, म्हणजे मास्तरांची बायको, मासे साफ करत होत्या. त्यांनी नुसती मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

तुलना करण्याची एक पद्धत असते. दुकानात ती कुणी पाळत नाही. जो प्लेयर खपवायचा, त्याचा आवाज किंचित मोठा ठेवायचा. माणसाच्या कानाला मोठं तेच चांगलं वाटतं. म्हणून मी मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा केला आणि टेबलावरचा कपडा उचलून दोन्ही प्लेयर झाकले. कुठला वाजतोय हे कळलं, की माणूस किमतीला मत देतो.

आधी चित्र लावलं. एक प्लेयर पिवळ्या केबलवर होता. तिच्यात सगळे रंग एकाच तारेतून जातात. दुसऱ्याला तीन केबल होत्या, रंगांची माहिती वेगवेगळ्या तारांतून नेणाऱ्या. मास्तरांनी क्षणात सांगितलं, "दुसरं. पहिल्यात लाल रंग फुटतोय." अगदी बरोबर होतं. डोळे तल्लख होते.

मग आवाज. मुलानं पाठवलेली व्हायोलिनची डिस्क दोन्हींवर आलटून पालटून वाजवली. मास्तर डोळे मिटून बसले होते.

"दोन्ही सारखेच. दोन्ही कुचकामी," ते म्हणाले. "व्हायोलिन गोधडीत गुंडाळल्यासारखं वाजतंय."

मला मात्र फरक ऐकू येत होता. पण मास्तरांचा कान चुकेल हे मनातही आलं नाही; वाटलं, स्पीकरच गेला असेल. स्पीकरच्या पेटीत वरच्या सुरांसाठी एक छोटा स्पीकर असतो, तो जळला की असंच होतं. तो तपासायला माझ्याजवळ टेस्ट डिस्क होती. तिच्यात एक सलग शिट्टी असते, खालून वर चढत जाणारी. मी ती लावली, मास्तर नेहमी ठेवत त्या आवाजावर.

शिट्टी चढत गेली. अर्ध्यावर मास्तरांनी हात वर केला.

"बघ! इथे बंद पडली. सांगत नव्हतो मी?"

शिट्टी बंद पडली नव्हती. ती खोलीभर किंचाळत होती. मर्सीबाई ओल्या हातांनी कान दाबत बाहेर आल्या.

"अरे, बंद कर ते पहिलं! कान फाटले!"

मास्तरांनी बायकोच्या कानांवरचे हात पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी डिस्क थांबवली. त्या क्षणी स्पीकर जळलेला असता तर मी देवाला नारळ फोडला असता.

"वाजत होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं, मास्तर."

"पुन्हा लाव. मर्सी, तू इथे बस. ऐकू येईल तोवर हात वर ठेव."

तीनदा लावायला लावलं त्यांनी, परीक्षा घ्यावी तसं. तिन्ही वेळा त्यांचा हात त्याच जागी खाली आला आणि मर्सीबाईंचा वरच राहिला. तिसऱ्यांदा बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दोन वर्षं सांगते मी," त्या म्हणाल्या. "कोन ऐकतंय माझं?"

मास्तर एकदम वर्गात विचारावं तशा आवाजात म्हणाले, "जिथे माझं थांबतं, त्याच्या वर काय असतं?"

"व्हायोलिनची चकाकी असते. झांजा असतात. आणि बोलण्यातले स, श, त," मी म्हणालो. "ते गेले की शब्द अर्धवट ऐकू येतात."

हे तोंडातून गेलं आणि मला मंडळातल्या त्या दोन्ही मुली आठवल्या. मास्तरांना माझ्या आधीच आठवल्या होत्या. त्यांचा चेहरा बघवेना. मी खाली वाकून केबल गुंडाळत बसलो.

दुकानात शेठ वाटच पाहत होते.

"कुठला ठेवला?"

"कुठलाच नाही."

"एवढा वेळ लावून? सांगितलंस तरी काय त्यांना?"

"कानाच्या डॉक्टरांकडे जायला."

"आपण प्लेयर विकतो, प्रकाश."

पुढचं मला मर्सीबाईंकडून बाजारात कळलं. मास्तर दोन्ही मुलींच्या घरी स्वतः गेले, त्यांच्या आईबापांसमोर माफी मागितली. मंडळ एका तरुण मुलीकडे सोपवलं. नाताळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, ते मागच्या रांगेत पुरुषांमध्ये उभे राहून खालचा सूर गायले. तेवढा त्यांना अजून नीट ऐकू येत होता.

त्यानंतर कुठल्याही डेमोत मी आधी ती शिट्टी लावायचो आणि गिऱ्हाईकाला हात वर करायला सांगायचो. निम्म्या लोकांना महाग प्लेयरची गरजच नाही, हे दोन मिनिटांत कळायचं. शेठनी महिनाभर ते सहन केलं. मग एके दिवशी टेस्ट डिस्क ड्रॉवरमधून नाहीशी झाली, आणि मी पुन्हा महाग प्लेयरचा आवाज किंचित मोठा ठेवायला लागलो.