पडला नाही

माझ्या पोरीच्या पप्पांना जाऊन वर्ष होत आलं तरी गल्लीत एकच वाक्य फिरत होतं. पिऊन टाकीत पडला. ठेकेदाराने पहिल्याच दिवशी तसं सांगितलं आणि लोकांना ते लगेच पटलं, कारण पोरीचे पप्पा कधीमधी घ्यायचे हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या दिवशी ते सकाळी माझ्या हातचा चहा घेऊन कामावर गेले होते. मैला उपसायच्या गाडीवर त्यांचं काम होतं. पाइपाने काम झालं नाही की टाकीच्या तळाचा गाळ काढायला माणूस आत उतरवतात. कायद्याने बंद आहे, तरी उतरवतात.

माझे जेठ, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, त्याच गाडीवर होते. ते सांगायचे, "मी केबिनमधी बसेल होतो. मागे वळून पाहतो तर हा नाही." यापुढे ते काही सांगायचे नाहीत. जेठांसमोर डोक्यावर पदर घेऊन उभं राहायची मला सवय, उलट विचारायची नाही.

पोरगी शाळेतून यायची आणि विचारायची, "मम्मी, पप्पा पडले होते का गं?" मी म्हणायचे, नाही. ती म्हणायची, "मग मुलं का म्हणतात?" मला एवढंच पाहिजे होतं की चार माणसांत कुणीतरी म्हणावं, तो पडला नाही, कामासाठी उतरला होता.

आम्ही पिंप्राळ्याच्या पुढे राहतो. शेजारची बाई तिकडच्या एका चर्चमध्ये महिन्याच्या सभेला चहा करायला जायची. एकदा तिची कंबर धरली म्हणून तिने मला सोबत नेलं. नंतर मी दर वेळी जायला लागले. मी स्वयंपाकघराच्या दाराशी किटली घेऊन बसायचे. तिथून मला सगळं ऐकू यायचं आणि मी कुणाला दिसायचे नाही, म्हणून ती जागा मला आवडली.

तिथल्या पाळकबाई म्हणजे पाळकाची बायको नव्हे, त्या स्वतःच पाळक. नवीन माणूस आला की विचारायचा, "साहेब कुठे आहेत?" त्या म्हणायच्या, "साहेब घरी कुकर लावताहेत. तुमचं काय काम आहे, मला सांगा." त्यांच्या सभेला मौलवी यायचे, बुद्धविहारातले एक गुरुजी यायचे, साखर एका मारवाडी दुकानदाराकडून यायची. एकदा सातपुड्याकडच्या बाया आल्या आणि जंगलच्या जमिनीबद्दल बोलल्या. त्यांची बोली निम्मी कळली नाही, पण बोलताना त्या खाली बघत नव्हत्या, ते माझ्या लक्षात राहिलं. देव काय म्हणतो आणि माणसाला न्याय कसा मिळेल, दोन्ही गोष्टी एकाच सतरंजीवर बसून चालायच्या. धर्म बदला असं मला तिथे कुणी कधी म्हणालं नाही. माझी किटली रिकामी झाली का, एवढंच विचारायचे.

मग एका सभेत पाळकबाईंनी सांगितलं की पुढच्या महिन्यात गटारात आणि टाक्यांत गेलेल्या माणसांची आठवण करू. घरच्यांनी पुढे यायचं, पणती लावायची, माणसाचं नाव सांगायचं आणि तो कसा गेला ते सांगायचं. सभा संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. शेजारणीने त्यांना सांगितलं असणार. म्हणाल्या, "तुम्ही याल का पुढे? नाही आलात तरी चालेल." मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मलाही नक्की ठाऊक नव्हतं. त्यांनी ती हो धरली.

घरात कळलं तेव्हा जेठ चिडले. सासूला म्हणाले, पण बोलणं माझ्यासाठी होतं, "आज नाव घ्यायला बोलवतात, उद्या नाव बदलायला सांगतील. आपल्याला नाही जमायचं हे."

सासू शेंगा सोलत होती. ती अहिराणीत म्हणाली, "मना पोऱ्या गया. आते त्यानं नाव कोणी लिधं तर तुनं काय जास?" आणि मग त्यांनाच हुकूम केला, "तूच गाडीवर लई जाय तिले."

त्यामुळे त्या रविवारी मी जेठांच्या मोटारसायकलवर मागे बसून चर्चला गेले. ते फाटकाबाहेर थांबले. आत या असं त्यांना म्हणणं मला जमलं नाही.

त्या दिवशी किटली दुसऱ्या बाईकडे होती. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. माझ्या आधी धुळ्याहून आलेल्या एका म्हाताऱ्याने मुलाचं नाव सांगितलं आणि तो खाली बसताना त्याला धरावं लागलं. मग पाळकबाईंनी माझ्याकडे बघितलं.

पणती लावली. माइक समोर आला आणि मला नाव येईना.

विसरले होते असं नाही. संसार झाला, पोरगी झाली, पण मी त्यांचं नाव तोंडाने कधी घेतलं नव्हतं. "अहो", "ऐका ना", "पोरीचे पप्पा", यातच सगळं भागलं. दवाखान्यात, रेशनला, पोलिसांसमोर विचारलं की सोबतचं कुणीतरी सांगायचं. आतासुद्धा लिहिताना मला ते लिहवत नाही. तिथे उभी राहून मी तोंड उघडायचे आणि नुसता श्वास माइकमधून ऐकू यायचा.

पाळकबाई हळूच म्हणाल्या, "मी सांगू का नाव?"

मी नाही म्हटलं. आणि पुढच्या क्षणाला माझ्या तोंडून लग्नातला उखाणा बाहेर पडला. मावशीने शिकवलेला. "सावद्याच्या केळी, फैजपूरचा बाजार," आणि मग त्यांचं नाव, "यांचं नाव घेते, माणसं जमली हजार."

मागे बसलेल्या कॉलेजच्या पोरी हसल्या. त्यांचा दोष नाही, उखाणा ऐकला की माणूस हसतोच. एक म्हातारी बाई मात्र म्हणाली, "अगं माय," आणि तिने तोंडाला पदर लावला. नवरा गेलेली बाई उखाणा घेत नाही, हे तिला माहीत होतं. हसणाऱ्यांनाही मग कळलं.

मला अजून एक वाक्य बोलायचं होतं. त्याच एका वाक्यासाठी मी आले होते. पाळकबाईंनी विचारलं, "कसे गेले ते?" ते कसे गेले हे मला खरं म्हणजे माहीतच नव्हतं. मला फक्त ते कसे गेले नाहीत एवढं माहीत होतं.

तेव्हा मागून आवाज आला. "पडना नही तो."

जेठ दारात उभे होते. कर्णा बाहेरपर्यंत लावलेला होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं. चपला त्यांनी हातात धरल्या होत्या. सभेत, परक्या माणसांत ते कधी अहिराणीत बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. "मीच खाले सोडं त्याले. दोर मना हातमा व्हता. त्याले आत भोवळ उनी. मी दोर वढा, गाठ निसटनी."

कुणीतरी त्यांना बसायला जागा दिली, पण ते बसले नाहीत. विहारातल्या गुरुजींनी विचारलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीत, भाऊ?" जेठ म्हणाले, "ठेकेदार बोलला, दोर तुझ्या हातात होता, जेलमधी तूच जाशील." एवढं सांगून ते बाहेर गेले.

परत जाताना मोटारसायकलवर माझा पदर वाऱ्याने पडला होता आणि पहिल्यांदाच मी तो त्यांच्यामागे बसून सावरला नाही. मला पाहिजे होतं ते वाक्य मिळालं होतं. ते कुणाच्या तोंडून येईल, याचा मी कधी विचार केला नव्हता.

आम्ही पोचायच्या आधी सभेतली बातमी घेऊन शेजारीण पोचली होती. सासू उंबऱ्यात बसलेली होती. तिने थोरल्याकडे बघितलं, मग त्यांच्या हातांकडे बघितलं. आणि उठून आत गेली.

ठेकेदाराने जेठांना कामावरून काढलं. पाळकबाई वकिलाला घेऊन दोनदा आल्या, जेठांनी जबाब लिहून दिला. त्याचं पुढे काय होईल ते अजून कळलेलं नाही. जेठ कामासाठी सुरतेला गेले. गल्लीत आता लोक म्हणतात, बिचारा काम करताना गेला. पोरगी शाळेतही तसंच सांगते आणि मुलं गप्प बसतात. पोरीने माझ्याकडे जे मागितलं होतं, ते तिला मिळालं.

पण सासू मात्र दोन्ही मुलांकडून रिकामी झाली. धाकटा गेला तेव्हा ती छाती बडवून रडली होती. थोरला सुरतेला निघाला तेव्हा तिने त्याला दशम्या बांधून दिल्या, पण डबा हातात दिला नाही. ओट्यावर ठेवला.

रविवारी जेठांचा फोन येतो. मी सासूच्या कानाला लावून धरते. ती विचारते, "जेवना का?" ते हो म्हणतात. "खोली चांगली शे का?" ते हो म्हणतात. गाठ कशी निसटली, धाकटा आतून काही बोलला का, हे तिने अजून विचारलेलं नाही. मला वाटतं जेठ त्या प्रश्नाचीच वाट बघत असतात, कारण फोन ते आपणहून ठेवत नाहीत. तीही कान काढत नाही. तिकडून कारखान्याच्या यंत्रांचा आवाज येत राहतो. सासू तो ऐकत बसते आणि माझा हात भरून आला तरी मी फोन तसाच धरून ठेवते.