दांडा कोणाच्या उंचीला

आमचे काका नोकरीतून निवृत्त झाले ते थेट परसबागेचे साहेब झाले. माती, खत, पालापाचोळा काकू घमेल्यातून वाहायची आणि काका खुर्चीत बसून कुठे टाकायचं ते सांगायचे. अखेर त्यांना तिची दया आली. ढकलगाडी घ्यायचं ठरलं.

दुकानात त्यांनी तासभर दुकानदाराचं डोकं खाल्लं. चाक एक बरं की दोन, टायर हवेचे की भरीव, पत्रा गंजेल का. काकूला कोणी काही विचारलं नाही.

शेवटी दुकानदाराने पाना उचलला. "दांडा वर-खाली होतो. कोणाच्या उंचीला बसवू?"

काका "हिच्या" म्हणायच्या आत काकू म्हणाली, "यांच्या."

गाडी घरी आली. तिला हात लागायच्या आधीच काकांची कंबर धरली.