विहिरीवरच्या बाया

इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत स्मरणचित्राला पाणवठा हमखास येणार, असं आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी ठरवूनच टाकलं होतं. वर्षभर ते तोच घोटून घ्यायचे. मधोमध विहीर, दोर ओढत वाकलेली एक बाई, डोक्यावर घागरी घेऊन निघालेल्या दोघी, मागे झाड. मी तो डोळे मिटून काढायचे. विहिरीचं पाणी मात्र मी जन्मात भरलं नव्हतं. औरंगाबादेत आमच्या गल्लीला नळ होता, आणि वडील वाळूजच्या कारखान्यात लागल्यावर तो घरातही आला.

त्या वर्षी मामाची मुलगी आमच्याकडे शिकायला आली. विद्यापीठाच्या नामांतरासाठी निघालेल्या मोर्चाला मामा गेला, म्हणून पाचोडच्या पलीकडच्या त्यांच्या गावानं बौद्धवाड्याला काम देणं, बोलणं सगळं तोडलं होतं. "अक्का, पोरगी इथं तरी शिकंल," एवढंच माझ्या आईला म्हणून मामा उभ्या उभ्या परत गेला.

पोरीचा हात असा होता की माझा नुसता जळफळाट व्हायचा. भाकरी थापणारी माझी आई तिनं चार रेघांत कागदावर बसवली, आणि ती आईच होती. मामानं तिला सांगून ठेवलं होतं, ही चित्रकलेची परीक्षा पास झाली तर पुढं ड्रॉइंग टीचर होईपर्यंत शिकवीन. नाही झाली तर लग्न. स्थळ गावात तयारच होतं.

सरावाला तिनं पाणवठा काढला. विहीर मधोमध, पण मोकळी. बाया सगळ्या कागदाच्या एका कडेला, रिकाम्या घागरी पुढ्यात घेऊन बसलेल्या.

"अगं, रचना बिघडली सगळी," सर म्हणाले. "मधे कुणीच नाही. बायांना विहिरीवर आण."

"आमच्या बाया हिरीवर जात नायत, सर. कुणी आलं तर वरून घागरीत वततं."

सर वाईट नव्हते. तिच्या बाकाशी वाकून हळूच म्हणाले, "परीक्षकाला हे कळायचं नाही, बाळ. मार्क जातील." ते खरंच होतं, आणि त्याचाच मला अजून राग येतो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "सर म्हणतेत तसंच काढते. मला लई शिकायचंय." आईनं तिच्या हातावर दही ठेवलं.

विषय पाणवठाच आला. माझं चित्र लवकर आटोपलं, आणि पुढच्या बाकावरचा तिचा कागद मला तिरका दिसत होता. तिनं बायांना विहिरीवर आणलं होतं. वाकलेली बाई तर माझी मामीच होती. तो उतरलेला डावा खांदा, तो कपाळावर ओढलेला पदर. सगळं झालं होतं, फक्त हात नव्हते. ती हात काढायची आणि खोडायची. पुन्हा काढायची, पुन्हा खोडायची. शेवटी तिथं कागद फाटला आणि घंटा झाली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडलेच, "दोन हात तर काढायचे होते! कसेही काढायचे!"

"आईच्या हातात दोर कसा दिसतो, मला ठावंच नाय गं," ती म्हणाली. "कधी बघितलाच नाय."

बाकी सगळ्या विषयांत ती पास झाली. स्मरणचित्रात गेली, म्हणजे परीक्षाच गेली. मामा न्यायला आला तेव्हा आई त्याच्या हातापाया पडली, पण त्यानं मान वर केली नाही. दहावीच्या आतच तिचं लग्न झालं. अक्षता टाकताना मला रडू आवरेना, आणि बायकांना वाटलं, बहीण सासरी चालली म्हणून रडते.

मला बी ग्रेड मिळाली. माझ्या बाईचे हात मी सरांच्या फळ्यावरून उतरवले होते.