आप्पांच्या मागून चालणारी

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे भोंगाताई म्हणत, तेही तोंडावर. जिन्यात तिचं "आले गं!" ऐकू आलं की वरच्या मजल्यावरची माणसं हातातला चहा ठेवून कामाला लागत. ती सुरतेतल्या लिंबायत वस्तीतली. तिचे वडील, आप्पा, धुळ्याहून सुरतेला आले आणि जन्मभर कापडाच्या लूमवर उभे राहिले. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. "आमच्या घरात हळू बोललेलं बोलण्यात धरतच नाहीत," असं ती हसून सांगायची.

एकदा मागून आलेल्या रिक्षाचा हॉर्न आप्पांना ऐकू आला नाही. ती पलीकडून जिवाच्या आकांताने ओरडत होती, तेही नाही. पाय मोडला. तेव्हापासून रस्त्यावर घरातलं कुणीतरी त्यांच्या मागून चालायचंच, आणि बहुतेक वेळा ते कुणीतरी म्हणजे तीच. उंबऱ्याबाहेर पडले की आप्पा मान न वळवता आपल्या अहिराणीत विचारत, "मांगे कोन से?" ती त्यांच्या खांद्यावर दोनदा बोटं वाजवी. मग ते निर्धास्त निघत.

माशांच्या खोलीत मात्र हा भोंगा बंद. तिथे चपला बाहेर आणि बोलणं कानात. आत जिताडा माशाची पिलं असत, अंड्यातून नुकती निघालेली, पापणीच्या केसाएवढी. हवेतला कार्बन डायॉक्साइड समुद्र शोषून घेतो आणि त्याचं पाणी हळूहळू आम्लाकडे झुकतं. अशा पाण्यात वाढताना पिलांच्या कानातला, ऐकायला लागणारा खडा बिघडतो का, त्यांना धोक्याची चाहूल लागते का, हे तिला बघायचं होतं. टाक्या दोन. त्यातल्या एकीत मी पडद्यामागून तो गॅस सोडायचे. कोणत्या, ते तिला कळता कामा नये, नाहीतर नजर आधीच निकाल ठरवून बसते. "तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, सुलू," म्हणत ती मला भिंतीकडे तोंड करून उभी करायची. मला भारी चीड यायची.

आधीच्या दोन्ही खेपांची पिलं मेली होती. ही शेवटची खेप, कारण अंड्यांचा हंगाम सरला होता. पिलं मोठी झाली आणि चाचणीचा दिवस आला. ती काचेवर टिचकी मारणार, पिलं दचकून पळायला हवीत. मी भिंतीकडे बघत उभी.

पहिल्या टाकीवर टिचकी वाजली. "पळाली गं," ती कुजबुजली.

दुसरीवर वाजली. पुन्हा वाजली.

"थोडी पळाली. बाकीची तशीच आहेत."

मला राहवेना, मी वळले.

"वळू नको!" त्या खोलीत ती पहिल्यांदाच ओरडली.

संध्याकाळपर्यंत तिने पुन:पुन्हा करून पाहिलं. तेच. शेवटी म्हणाली, "आता सांग."

"गॅस दुसरीत आहे."

इतक्या खटपटीनंतर निकाल हाती आला होता. मला वाटलं, आता जिना दणाणणार. ती स्टुलावर बसली आणि टाकीकडे बघत राहिली.

"मागून काही येतंय ते कळतच नाही गं यांना. समुद्रात यांच्या मागून कोण चालणार?"



एका टाकीवरून समुद्राविषयी बोलू नये, असं तिचं म्हणणं. मोठ्या टाक्यांत सगळं पुन्हा करून बघायला ती दक्षिणेत नोकरी धरून निघाली. "चुकले असेन तर बरंच होईल," म्हणाली. आप्पा आणि मी स्टेशनवर गेलो. गाडी हलली. तिने दारातून माझ्याकडे पाहिलं आणि हवेत दोनदा बोटं वाजवली.

बाहेर रिक्षांचा कल्लोळ. आप्पा फुटपाथच्या कडेला थांबले. मान न वळवता त्यांनी विचारलं, "मांगे कोन से?"

मी पुढे झाले आणि खांद्यावर दोनदा बोटं वाजवली. हात परका आहे हे त्यांना कळलंच असणार. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि ते चालू लागले. मी मागून निघाले.